चार अंश गार

मी थर्मामीटर बोलतोय. ताप बघायला काखेत घालता तो चिमुकला नव्हे. तो लाडावलेला, कापसात झोपणारा. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला, वीतभराहून लांब, उघड्या खणात लोळणारा. पुस्तकात मला तापमापी म्हणतात, पण पुस्तकाबाहेर त्या नावाने मला कुणी हाक मारलेली आठवत नाही. माणसं संतापली की त्यांचा पारा चढला म्हणतात. माझा पारा रोज चढतो आणि उतरतो, पण मी कधी संतापत नाही. जेवढं तापलंय तेवढं सांगायचं, एवढीच मला खोड आहे. त्या खोडीपायी एका पोरीचं काय झालं, ते ऐका.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या कारागीर बाईने केसाएवढं भोक असलेली काचेची नळी घेतली, जाळावर धरून तिच्या टोकाला फुगा काढला, आत पारा भरला आणि वरचं तोंड वितळवून बंद केलं. पारा तापला की फुगतो. फुगला की त्याला जागा लागते, आणि नळीत वर सरकण्याशिवाय त्याला दुसरी जागाच नसते. झालं माझं शास्त्र!

मग तिने मला वितळत्या बर्फात उभं केलं. पारा जिथे थांबला तिथे ओरखडा काढला आणि म्हणाली, शून्य. नंतर उकळत्या पाण्याच्या वाफेत धरलं, तिथे दुसरा ओरखडा, शंभर. मधल्या जागेचे सारखे शंभर भाग केले. दोन्ही वेळा जीव नकोसा झाला होता, पण दुखलं का, असं कुणी विचारलं नाही. पुढे शाळेत आलो तेव्हा कळलं की शिकवायची पद्धतच तशी असते.

पेटीत घालून मला ट्रकवर चढवलं. ट्रक वळणं घेत घेत दिवसभर वर चढत राहिला आणि डोंगरमाथ्यावरच्या एका गावात थांबला. तिथल्या शाळेत मी दाखल झालो.

शाळेत विज्ञान शिकवायला एकच सर होते. कानावर खडू खोचायची त्यांना सवय. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता त्यांना लागे. त्यांचा प्रयोग असा चाले: आधी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचं, ‘पाणी शंभर अंशांना उकळते’. मग मला पाण्याच्या भांड्यात लटकवायचं. मग एकेका पोराने यायचं, वाकायचं, ‘शंभर, सर’ म्हणायचं आणि फळ्यावर आपल्या नावापुढे शंभर लिहून जागेवर जायचं. माझ्याकडे बघायची काही गरजच नव्हती. कित्येकदा तर स्टोव्हसुद्धा पेटवलेला नसे. मी नळाच्या गार पाण्यात कुडकुडत उभा, आणि पोरं आपली एकामागून एक, शंभर सर, शंभर सर!

एके वर्षी वर्गात एक पोरगी आली. सारखे प्रश्न विचारायची, म्हणून सरांनी तिचं नाव ठेवलं चौकशीची खिडकी. पोरांना तेवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळे तिला खिडकी म्हणायला लागले. तिची आई एका हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासायची. खाली शहरातल्या मोठ्या शाळेत दरवर्षी या गावातून एका मुलाला घेत. शिकणं, राहणं, जेवण सगळं फुकट. ती जागा आपल्या पोरीला मिळावी म्हणून आई झुरत होती, आणि पोरगी तर त्या शाळेची स्वप्नंच बघत होती. पण जागा मिळणार विज्ञानात पहिला येईल त्याला, आणि प्रयोगाचे गुण सरांच्या शब्दावर.

त्या दिवशी सरांनी नेमका स्टोव्ह पेटवला होता. पाणी खळखळत होतं. ओळीने शंभर, शंभर झालं आणि खिडकीची पाळी आली. ती वाकली. डोळा पाऱ्याच्या अगदी समोर आणला, वरून नाही, खालून नाही. इतक्या वर्षांत मला कुणी असं बघितलं नव्हतं. मी सुखावलो.

‘‘सर, शहाण्णव आहे.’’

‘‘नीट बघ.’’

‘‘नीटच बघितलं, सर. शहाण्णव.’’

सरांच्या कपाळावर आठी पडली. ‘‘ज्योत वाढव.’’ तिने स्टोव्हला पंप मारला. ज्योत भांड्याच्या काठापर्यंत आली, पाणी उसळ्या मारायला लागलं, अर्धं आटून गेलं. मी शहाण्णवच. पाणी एकदा उकळायला लागलं की कितीही जाळ घाला, ते आणखी तापत नाही. सगळी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्ची पडते. हे सरांनीच मागच्या महिन्यात शिकवलं होतं, तोंडपाठ करून घेतलं होतं.

‘‘थर्मामीटर बिघडलाय,’’ सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिडकी आईच्या हॉटेलातून डब्यात बर्फ घेऊन आली. मला त्यात बुडवलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाली, ‘‘सर, बर्फात हा बरोबर शून्य दाखवतो. म्हणजे बिघडलेला नाही. पाणीच इथे लवकर उकळत असेल. माझी आई म्हणते, खाली मावशीकडे बटाटे पटकन शिजतात, इथे शिजता शिजत नाहीत.’’

पोरगी किती खरं बोलत होती! खाली समुद्राकाठी अख्ख्या हवेचं ओझं पाण्यावर बसलेलं असतं. वाफेला ते ओझं रेटून बाहेर पडावं लागतं, म्हणून पाण्याला शंभरापर्यंत तापावं लागतं. डोंगरावर हवा विरळ, ओझं कमी, म्हणून वाफ आधीच सुटते. पण ते उकळतं पाणी तेवढं गरम नसतं, म्हणून बटाटा रेंगाळतो. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिने फक्त बघितलं होतं आणि दोन गोष्टी एकमेकींशी जोडल्या होत्या.

‘‘वा! म्हणजे आता विज्ञान भांडी घासणाऱ्यांकडून शिकायचं,’’ सर म्हणाले. वर्ग खो खो हसला. सरांनी स्टोव्हकडे बोट केलं. आजही तो पेटलेला होता, पाणी उकळत होतं. ‘‘शंभर नाही म्हणतेस ना? म्हणजे चार अंश गारच आहे की. घाल बोट. घातलंस तर तुझं खरं मानतो.’’

हे सर गमतीत म्हणाले असतील, असं मला वाटलं होतं. पण ते हसत नव्हते. आणि पोरगी वेडी, तिला वाटलं ही खरंच परीक्षा आहे. सिद्ध केलं की मानतात, असं तिच्या पुस्तकात लिहिलेलं होतं ना! तिने ओठ दाताखाली धरले आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पाण्यात घातलं.

ती ओरडली, ते मला अजून ऐकू येतं.

‘‘भाजलं?’’ सरांनी विचारलं.

तिने रडत मान हलवली.

‘‘मग? शंभरच आहे. बस खाली.’’

टाळ्या पडल्या. अहो, साठ अंशांच्या पाण्यानेसुद्धा कातडी सोलून निघते. भाजण्याचा आणि शंभराचा काय संबंध? पण एकाही पोराने तोंड उघडलं नाही. कशाला उघडतील? भांड्यात आणखी बोटांना जागा होती.

दुसऱ्या दिवशी तिची आई प्रयोगशाळेत आली. साबणाने फुगलेले हात पदराला पुसत उभी राहिली. मला वाटलं, आता ही बाई सरांना फाडून खाणार. तिने लेकीला पुढे ढकललं.

‘‘माफी माग सरांची.’’

‘‘आई, पण मी खरं...’’

‘‘खरं घालशील का ताटात?’’ आईचा आवाज चिरकला. ‘‘लहान आहे, सर. मनावर घेऊ नका. तेवढं जागेचं बघा.’’

‘‘जागा एक आहे,’’ सर अगदी मायेने म्हणाले. ‘‘बाहेरचे परीक्षक येतील. त्यांना हा प्रयोग विचारायला मी सांगणार आहे. पोरगी हुशार आहे, फक्त हट्ट सोडायला हवा.’’

खिडकीने माफी मागितली. इतक्या हळू की सरांनी पुन्हा मागायला लावली.

परीक्षेच्या दिवशी तिचं बोट पांढऱ्या फडक्यात होतं. परीक्षक खुर्चीत बसून घड्याळ बघत होते. त्यांची परतीची गाडी होती. सर फळ्यापाशी उभे. आई दाराबाहेर, चपला काढून. पोरीने मला भांड्यात लटकवायला हातात घेतलं, आणि तिचे हात किती गार पडलेत ते मला कळलं. जिवंत माणसाचा हात इतका गार मी कधी मोजला नव्हता. पाणी उकळलं. ती वाकली. डोळा अगदी पाऱ्यासमोर. माझ्याकडे तिने कितीतरी वेळ बघितलं. सांग, पोरी, मी मनात म्हणालो. आपण दोघंच आहोत इथे बघितलेलं सांगणारे.

‘‘शंभर,’’ ती म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट.

परीक्षकांनी मान डोलावली. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. बाहेर आईला रडू फुटलं, आनंदाने. पोरगी मात्र रडली नाही. मला पुसून खणात ठेवलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. शहरातल्या शाळेतली जागा तिला मिळाली.

पुढची बरीच वर्षं मी खणात काढली. झुरळं माझ्या अंगावरून फिरली, कुणीतरी माझ्यावर रिकामी बाटली ठेवली. सर म्हातारे होऊन निवृत्त झाले. मग एके दिवशी खण उघडला, आणि मला उचलणाऱ्या हाताचं पहिलं बोट शेंड्याला गुळगुळीत होतं. एकही रेघ नसलेलं.

खिडकी परत आली होती. आता तिला सगळे बाई म्हणत होते.

काय सांगू मला काय वाटलं! काचेला रडता येत नाही म्हणून, नाहीतर रडलो असतो. आणि बाई शिकवायच्याही काय सुरेख! त्यांनी फळ्यावर डोंगर काढला, समुद्र काढला, वरची विरळ हवा आणि खालची दाट हवा ठिपक्यांनी दाखवली. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं, हे पोरांना असं समजावलं की शेवटच्या बाकावरचा ढ मुलगासुद्धा मान हलवायला लागला. खाली शहरात जाऊन पोरगी सगळं शिकून आली होती. आपलं शहाण्णव खरं होतं, हे तिला आता कारणासकट माहीत होतं.

मग प्रयोगाचा दिवस आला. स्टोव्ह पेटला, मी भांड्यात उतरलो. पोरं ओळीने आली. शंभर, बाई. शंभर, बाई. शंभर.

मग दोन वेण्या घातलेली एक मुलगी वाकली. डोळा पाऱ्यासमोर आणला.

‘‘बाई, शहाण्णव आहे.’’

बाई फळ्यापाशी होत्या. त्यांचा हात थांबला. ‘‘पेपरात काय येतं?’’

‘‘शंभर. पण बाई, तुम्हीच तर काल सांगितलंत ना, डोंगरावर पाणी आधी...’’

‘‘तो धडा वेगळा. हा प्रयोग वेगळा.’’

‘‘पण इथे दिसतंय...’’

बाई जवळ आल्या. मला दोन बोटांत धरून त्यांनी पाऱ्याकडे बघितलं. अगदी समोरून, ती सवय गेली नव्हती. मी शहाण्णववर ताठ उभा होतो. आता बोल, मी म्हणालो, एवढ्यासाठी तर तू बोट जाळून घेतलंस. त्यांचा हात गार पडला असेल असं मला वाटलं होतं. पण नाही. हात छान कोमट होता.

त्यांनी मला पाण्यात सोडलं आणि मुलीकडे वळून म्हणाल्या, ‘‘शहाण्णव? म्हणजे चार अंश गारच आहे की. घाल बोट.’’

पोरगी भांड्याकडे बघत राहिली. मग बाईंच्या बोटाकडे. मग तिने खडू उचलला आणि आपल्या नावापुढे शंभर लिहिलं. शहाणी निघाली. वर्ग हसला, बाईही हसल्या.

मी अजून त्याच खणात आहे, आणि पाणी उकळलं की अजूनही शहाण्णवच दाखवतो. माझं एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी कधी त्या प्रयोगशाळेत आलात तर मला फरशीवर टाकून फोडा. फक्त सांडलेला पारा हाताने वेचू नका, तो विषारी असतो. बोटांचं या शाळेत काय होतं, ते मी बघितलंय.