बेथियाचा हारा

"बेथिया, अगं ओली बाळंतीण तू! अजून पंधरा दिवस त्या हाऱ्याला हात लावू नकोस," सासूबाई ग्रिझेल दारात आडव्या उभ्या राहून म्हणाल्या होत्या.

"सासूबाई, तुमचा लेक पाण्यातून कोरड्या पायांनी होडीत चढतो तो कुणाच्या पाठीवर बसून? त्याच्यापेक्षा मासे हलकेच असतात हो!" बेथिया हसली आणि मला पाठीवर घेऊन निघाली.

मित्रांनो, तो हारा, मासे वाहायची मोठी टोपली, म्हणजे मी. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात, विलोच्या झाडाच्या ओल्या, लवचिक काड्यांतून बेथियानेच मला विणलं. माझा पट्टा तिच्या कपाळावर, भार पाठीवर आणि हातात चालता चालता विणायचा मोजा. आमच्याकडे मासे धरायचे पुरुषांनी. दूरच्या शेतांवर नेऊन त्यांच्या बदल्यात पीठ, लोणी आणायचं बायकांनी. त्यामुळे घरात शब्द चालायचा तो बेथियाचा. तिचा हारा सगळ्यांत जड, म्हणून कौतुक माझंही व्हायचं. मी फुगून जायचो. आज त्याचीच लाज वाटते.

त्या सकाळी तिची पाठ मला तव्यासारखी तापलेली लागली. चढावरच्या दगडी कट्ट्यावर तिने मला टेकवलं. भरलेला हारा एकटीला पाठीवर घेता येत नाही, म्हणून तिथे बायका एकमेकींसाठी थांबतात.

"अगो बाई, आमची पैलवानीण दमली वाटतं!" शेजारच्या मॅरियनने चिडवलं.

"दमायला काय म्हातारी झालेय? व्हा पुढे, आलेच मी."

आणि त्या गेल्या. बेथियाच ती, तिची कोण काळजी करणार? मला सगळं कळत होतं, पण हाऱ्याला कुठला आवाज?

त्या परतल्या तेव्हा मासे माझ्यात तसेच होते. तिच्या थंड मांडीवर इवलासा मोजा पडला होता, टाच विणायची राहिलेला.

ग्रिझेलबाईंनी मला खुंटीला टांगलं ते कायमचं. बेथियाच्या लेकीला मॅरियनने आपल्या बाळाबरोबर अंगावर पाजलं. त्या कट्ट्यावरून मॅरियन अजूनही सगळ्यांच्या शेवटी निघते म्हणे. माझ्या काड्या आता सुटत चालल्यात.

मित्रांनो, मला नका दुरुस्त करू. पण तुमच्या शेजारी एखादी नवी आई असेल, धडधाकट, हसरी, 'व्हा पुढे' म्हणणारी. तिच्या हसण्यावर जाऊ नका. घरात जा, तिच्या कपाळाला हात लावून बघा. आजच.