पानाची वीज

खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या सगळ्या यंत्रांना हळदीकुंकू लागलं, तसं अर्पिताच्या काचपट्टीलाही लागलं. शिपाई कचरूमामांनी डबी उघडली, भक्तिभावाने हळदीचं ओलं बोट टेकवलं, जास्त झाली असं वाटून फडक्याने पुसून काढली आणि वर एक झेंडूचं फूल ठेवलं.

दसरा करून ती तीर्थपुरीहून परतली, तेव्हा मामांनी स्वतःच सांगितलं, "समद्यांची पूजा केली, मंग तुझंच तेवढं ठेवायचं का, पोरी?"

रागवावं तरी कुणावर?

सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या त्या काचेवर तिने पालकाच्या पानातली प्रथिनं बसवली होती. ऊन झेलून इलेक्ट्रॉन पुढे ढकलायचं काम पानात हीच प्रथिनं करतात. तेच काम त्यांच्याकडून तारेत करून घ्यायचं, यासाठी तिचा दोन वर्षं खटाटोप चालला होता. नवी पट्टी करायला तीन दिवस लागत. विद्यापीठातून वंदना मॅडम मात्र तासाभरात येणार होत्या, आणि त्यांनी होकार दिला तरच संशोधन पुढे चालणार होतं.

तिने दिवा लावला. रोज चाळीस नॅनोअँपिअर दाखवणारं मीटर नव्वदवर गेलं.

मार्गदर्शक धर्मराज सर हरखले. तिने हळदीचं सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतलं. हळदही उजेड शोषून थोडी वीज देते हे त्यांनाही ठाऊक होतं. पण आजचा दिवस निभावून ने, नवी पट्टी मागाहून कर, एवढ्याने कुणाचं काय बिघडतं, असं ते बराच वेळ समजावत राहिले.

मॅडमनी आकडा पाहिला आणि शाबास म्हणाल्या. सरांनी चहा सांगितला.

"मॅडम, हा आकडा पानाचा नाही," अर्पिता म्हणाली.

सर खाकरले. तिने तिकडे पाहिलंच नाही. लाल जिलेटिनचा कागद तिने दिव्यापुढे धरला. पान लाल उजेडावरही काम करतं, हळद करत नाही. मीटर घसरत घसरत शून्याला टेकलं. प्रथिनं फडक्याबरोबर निघून गेली होती.

"आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास," सर पुटपुटले.

"धोंडा माझा, पायही माझाच, सर."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. किती दिवस हवेत, ते विचारलं. अहवालातली होकाराची जागा त्यांनी कोरीच ठेवली.

"शुक्रवारी येते. तेव्हाही शून्यच आलं तर?"

"तर शून्यच दाखवीन."

सर अजून काहीतरी सांगत होते. चहा तसाच टाकून अर्पिता पिशवी घेऊन जिना उतरू लागली. जुन्या जालन्यात ताजा पालक दुपारनंतर मिळत नाही.