उमेदवाराची साडी

दयाराम तीनदा निवडणुकीला उभे राहिले आणि तिन्ही वेळा पडले. चौथ्या खेपेला पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून ठेवली, तर वॉर्डच महिलांसाठी राखीव निघाला. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, की आपल्या घरात दोन बायका आहेत.

त्यातल्या एकीचा, म्हणजे बायकोचा, त्यांनी विचारच केला नाही. सरिताबाईंचा जन्म उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतून उडणारी कारखान्यांची धूळ पुसण्यात आणि पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, नळावर रांग लावण्यात गेलेला. तिला काय बोलता येणार? सून अपर्णा मात्र भिलाईची, बी.ए. झालेली. कडेवर आठ महिन्यांची चिमी होती, पण कडेवर लेकरू असलेली उमेदवार फोटोत चांगली दिसते, असं त्यांचं मत पडलं.

"अपर्णा उभी राहीन," त्यांनी जाहीर केलं. "मी आहोच मागं."

मागं म्हणजे कुठं, ते पोस्टरचा नमुना आला तेव्हा कळलं. मधोमध कमरेपर्यंतचे दयाराम, हात जोडलेले, आणि कोपऱ्यात टिकलीएवढी अपर्णा. पाठोपाठ पंडरी बाजारातल्या ठोक दुकानातून निळ्या काठाची पांढरी साडी आली. साडी निवडतानाही उमेदवाराला कोणी नेलं नव्हतं. प्रशिक, म्हणजे अपर्णाचा नवरा, रोलिंग मिलच्या पाळीवरून आला, साडी पाहून "अच्छी है" म्हणाला आणि झोपला.

उरलं बोलण्याचं. समता कॉलोनीत एक संस्था तरुण बायकांना निवडणुकीसाठी तयार करायची. तीन दिवसांचं शिबिर होतं. दयारामांनी स्वतः अर्ज भरला. 'शिबिरात येण्याचा उद्देश' या ओळीपुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बोलणे शिकणे. काय बोलायचे ते आम्ही देऊ.'

अपर्णाने ते वाचलं आणि खाली सही केली. तिला जायचंच होतं. चिमी झाल्यापासून, पोर झोपली का, एवढा एक प्रश्न सोडला तर तिला घरात कोणी काही विचारलं नव्हतं. पण पाण्यासाठी भांडणाऱ्या बायका ती रोज गच्चीवरून पाहत होती, आणि आपण नगरसेवक झालो तर आधी काय करायचं, हे चिमीला थोपटता थोपटता तिने मनात पक्कं केलं होतं. सासऱ्यांच्या नावाची नाही, आपल्याच नावाची नगरसेवक. हे मात्र तिने चिमीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

चिमीला सांभाळायला सरिताबाई बरोबर गेल्या आणि तिन्ही दिवस मागच्या सतरंजीवर बसल्या.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या सोनिया दीदींनी सोपं काम दिलं. कोणत्याही पुरुषाचं नाव न घेता स्वतःची ओळख सांगायची. बावीस जणींपैकी अठरा जणी पहिल्याच वाक्यात अडकल्या. अपर्णा उठली. "मैं अपर्णा, दयारामजी की..." म्हणाली आणि खाली बसली. मागं सरिताबाईंनी चिमीच्या लाळेऱ्यात हसू लपवलं.

तिसऱ्या दिवशी भाषणं होती. सासऱ्यांनी लिहून दिलेला कागद लंगोटांच्या पिशवीत होता, तो चिमीने चघळून काढला. अपर्णा तशीच उभी राहिली आणि पाण्यावर बोलली. नळ चारला येतो म्हणाली, तोच मागून हळूच आवाज आला, "साडेतीनले. अन् मागच्या गल्लीत तं येतच नाही." तिने लगेच तसं दुरुस्त करून सांगितलं. टाळ्या वाजल्या. ही मुलगी जिंकणार, असं सोनिया दीदी सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि अपर्णाला घरी पोचेपर्यंत रिक्षातली धूळसुद्धा लागली नाही.

घरी दयाराम मतदारयादी उघडून बसले होते. उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस, त्यासाठी यादीतला क्रमांक हवा होता. तीन निवडणुकांत ही यादी त्यांना पाठ झाली होती. कोणाचा पोट्टा अठराचा झाला, कोणाची म्हातारी गेली, सगळ्या पाऱ्याची नावं त्यांनी दारोदार फिरून घातली आणि काढली होती. अपर्णाचं नाव त्यांनी दोनदा शोधलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

"काहून नाही सापडून राहिलं?" त्यांनी यादीलाच विचारलं.

उत्तर स्वयंपाकघरातून सरिताबाईंचं आलं. "लगनानंतर बूथवाली मॅडम नाव बदलाले आली होती. तुम्हीच म्हणलं, राहू द्या भिलाईले, तिचा मामा उभा आहे, सोयऱ्याले एक मत कामी पडन."

मामा दोनशे मतांनी पडला होता. नाव मात्र भिलाईतच राहिलं. आणि ज्याचं नाव इथल्या यादीत नाही, त्याला इथं उभं राहता येत नाही, हे दयारामांना कोणत्याही शिबिराशिवाय माहीत होतं.

अपर्णा आत गेली. शिबिराचं प्रमाणपत्र तिने चिमीच्या दुपट्याखाली सरकवलं आणि तिला पाजायला घेतलं. चिमी झोपली. झोपली का, हेही त्या संध्याकाळी कोणी विचारलं नाही.

बाहेर दयाराम घरातल्या उरलेल्या बायका मोजत होते. तो हिशोब लवकर संपला.

"प्रशिकची माय, तुलेच उभं राहा लागन."

"राहीन," सरिताबाई हात पुसत म्हणाल्या. "तीन दिवस मीबी तिथंच होती."

याचा अर्थ दयारामांना त्या वेळी कळला नाही.

सकाळी अपर्णानेच सासूला ती साडी नेसवली. निऱ्या तिने एकेक करून मोजून घातल्या. स्वतःसाठी की सासूसाठी, ते तिचं तिलाच उमगेना.

"आई, नाव सांगा," ती म्हणाली. "किसी आदमी का नाम लिए बिना."

"मी सरिता. या पाऱ्यात कोणाच्या नळाले पाणी येत नाही, मले घर घर माहीत आहे."

अपर्णाने पिन लावली आणि पुन्हा एकदा उगाच लावली.

कचेरीत उमेदवारासोबत एका सूचकालाच आत सोडत होते, आणि सूचक वॉर्डातलाच मतदार हवा. दयाराम कॉलर नीट करत पुढे झाले. सरिताबाईंनी मागच्या गल्लीतल्या शेवंताला बोलावून ठेवलं होतं.

"तुम्ही चिमीले घ्या," अपर्णाच्या कडेवरच्या पोरीकडे बोट करत त्या म्हणाल्या.

मग दयाराम कडुनिंबाखाली नात घेऊन उभे राहिले. विहारातले एक ओळखीचे जयभीम घालून, औंदा उमेदवार कोण, असं विचारू लागले. दयाराम "तसा मीच, म्हणजे..." इथवर आले आणि चिमीने त्यांचा चष्मा ओढला.

पाऊण तासाने सरिताबाई बाहेर आल्या. पोस्टर नवं छापा लागन, एवढंच त्यांनी नवऱ्याला सांगितलं. मग अपर्णाच्या हातात एक कोरा छापील अर्ज ठेवला.

"आतल्या बाबूले मागून घेतला. नाव भिलाईवरून इकडं आणाचा आहे. आजच भर, माह्या डोळ्यासमोर."

अपर्णा तिथंच पायरीवर अर्ज भरायला बसली. सरिताबाईंनी पदर झटकला. काठावर उरल्याची धूळ बसलीच होती.

"साडी जपून वापरीन," त्या म्हणाल्या. "पुढच्या बारीले तुले लागन."