तोफेच्या कट्ट्यावरचा राखणदार

दिवाळी उलटली की एखाद्या रविवारी बाबा पिशवीत नारळ घालून गोराईला निघायचे. विचारलं तर म्हणायचे, "कॅम्पात जाऊन येतो." महायुद्धात गोऱ्यांनी टेकडीवर उभारलेला तो लष्करी तळ. ते गेल्यावर माझे आजोबा, धोंडू, तिथे पहारेकरी होते आणि बाबांचं बालपण तिथेच गेलं. आम्हाला मात्र त्यांनी कधी नेलं नाही.

बाबांना जाऊन दोन महिने झाले तेव्हा आईने डाळ निवडता निवडता विचारलं, "रिकाम्या जागेत माणूस दरवर्षी कोणाला भेटायला जातो गं?"

आई विज्ञानाची शिक्षिका होती. पुराव्याशिवाय ती कोणावर आरोप करत नाही, पण हा प्रश्न तिच्याजवळ बरीच वर्षं पडून असावा. दुसऱ्या दिवशी मी बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडली, रिक्षा केली आणि शेवटची चढण पायी चढले.

बराकींच्या भिंती शाबूत होत्या, छपरं गेली होती. एका लांब खोलीत ओळीने चुली होत्या. पाण्याच्या टाकीत पिंपळ वाढला होता. आले होते वेगळ्याच कामाला, पण प्रत्येक दारातून आत डोकावल्याशिवाय मला पुढे जाववेना. लष्करातली पोरं कुठे झोपत असतील, कुठल्या खिडकीतून त्यांना समुद्र दिसत असेल, यातली आजोबांची खोली कुठली, हेच शोधत फिरले.

सगळ्यात वर समुद्राकडे तोंड केलेला एक गोल सिमेंटचा कट्टा होता. मधोमध गंजलेल्या जाड बोल्टांचं कडं. अशी जागा मी पुस्तकांतल्या छायाचित्रांत पाहिली होती. इथे तोफ बसवलेली असणार. पण बोल्टांना शेंदूर फासलेला होता आणि बाजूला करवंट्या पडल्या होत्या.

"भाऊची पोरगी ना तू? नाक तेच हाय."

हातात कोयता घेतलेली एक म्हातारी मागे उभी होती. खालच्या वाडीतली फिलोमिना; बाबांना ती भाऊ म्हणायची. इथे ती गवत कापायला येते. बाबा गेल्याचं मी सांगितलं. तिने कोयता खाली ठेवला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि माझ्या शेजारी बसली.

तिच्याकडून कळलं ते असं. आजोबा मालवणकडचे. राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घातल्याशिवाय परक्या जागेत रात्र काढायची नाही, ही त्यांची रीत. हा कट्टा त्यांना देवाचं जुनं ठाणं वाटला आणि ते नारळ ठेवू लागले. ती तोफेची बैठक आहे हे फिलोमिनाच्या सासऱ्याने पुढे त्यांना सांगितलं, तोवर बाबा जन्मले होते. आजोबा म्हणाले, आता बसलाय तो, उठवू कसा?

"बाबांना ठाऊक होतं?"

"तर! स्वतःच हसायचा. पण नारळ चुकवला नाय. बायको मास्तरीण, तिला सांगितलं तर वाट लागंल, म्हणायचा."

गाऱ्हाणं एकट्याने घालता येत नाही. एकाने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला होकार भरायचा. आजोबा गेल्यावर होकार द्यायला कोणी उरलं नाही, म्हणून बाबांनी गवत कापणाऱ्या फिलोमिनाला बोलावलं. "मी क्रिस्ताव, रे," असं तिने बजावलं होतं. तरी दरवर्षी ती इथे उभी राहून "व्हय म्हाराजा" म्हणत आली.

"काय मागायचे?"

"पोरांना सुखी ठेव. मग बायकोचं नाव घ्यायचा. रत्नप्रभेच्या मनातलो संशय काढून टाक रे म्हाराजा." तिने खांदे उडवले. "मी म्हणायची व्हय. कसला संशय, मला काय ठाऊक?"

मला हसू आलं आणि ते मधेच थांबलं. मी आईला फोन लावला.

तिने पहिलं तेच विचारलं, "बाई आहे का तिथे?"

"आहे," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. कट्टा, बोल्ट, शेंदूर, होकार, आणि शेवटचं मागणंही, शब्द न बदलता.

मग आई म्हणाली, "मूर्ख माणूस. तिथे जाणं बंद केलं असतं तर संशय आपोआप गेला असता." आणि लगेच विचारलं, "ती शेजारीच आहे ना? दे तिला."

फिलोमिनाने हात लुगड्याला पुसले आणि फोन कानाला लावला. "हां, बोला बाय," म्हणाली आणि आईच्या एकेका वाक्याला होकार भरत ऐकत राहिली. मी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, तर तिने हातानेच मला गप्प केलं आणि फोन घेऊन बराकींच्या पलीकडे चालत गेली.