सातव्या रांगेचा कौल

ट्रेडची, म्हणजे संघांनी आपसांत खेळाडू अदलाबदल करायची, मुदत मंगळवारी दुपारी चारला संपणार होती, आणि म्हणून रविवारी सकाळी साडेनऊलाच पार्किंगातल्या सातव्या रांगेत भांडण पेटलं होतं. अमेरिकन फुटबॉलचा सामना दुपारी एकचा. त्याआधी स्टेडियमच्या पार्किंगात गाड्यांच्या मागे शेगड्या मांडायच्या, बिअर उघडायची आणि एकमेकांची अक्कल काढायची, हा आमच्या एरी शहरातला रविवारचा रिवाज. चर्चला दांडी मारली तर कोणी विचारत नाही. सातव्या रांगेला दांडी मारली तर लोक घरी फोन करून विचारतात, जिवंत आहे ना.

मुदतीच्या आधीच्या रविवारी मात्र रांगेत नुसत्या गप्पा नसतात, कौल असतो. गस फेरांतेची पाव वाहायची जुनी व्हॅन आहे, तिच्या मागच्या दाराला त्याने काळा रंग दिलाय. त्यावर खडूने दोन रकाने पाडायचे: ‘ठेवा’ आणि ‘घालवा’. ज्याला जे नाव सुचवायचं त्याने ते सुचवायचं, बाकीच्यांनी त्याला शिव्या घालायच्या, आणि मग हात वर. अकराच्या सुमाराला रेडिओवाला येतो आणि कौल थेट प्रसारणात वाचतो. अकरा वर्षांपूर्वी एकदा आमच्या संघाच्या, स्टोकर्सच्या, मालकांनी योगायोगाने रांगेने सांगितलेलाच खेळाडू विकला होता. तेव्हापासून ही मंडळी अशा थाटात वागतात, जणू मालक यांना विचारल्याशिवाय कॉफीसुद्धा पीत नाहीत.

गसने खडू घेतला आणि ‘घालवा’ खाली पहिलंच नाव लिहिलं: नेट क्वार्ल्स. लिहून झाल्यावर त्याने मुद्दाम वळून वॉल्टकडे पाहिलं.

वॉल्ट डोम्ब्रोव्स्की घडीच्या खुर्चीत बसून गोमांसाचं सँडविच खात होता. वय सदुसष्ट, चौतीस वर्षं रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात काढलेला माणूस. गस त्याचा मेव्हणा, त्याच्या वारलेल्या बायकोचा, रोझलीचा, धाकटा भाऊ. आणि नेट क्वार्ल्स, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला राखणारा स्टोकर्सचा गार्ड, त्याचा जावई.

“पूस ते,” वॉल्ट म्हणाला.

“का? सासरेबुवांना झोंबलं?”

“सहा वर्षं झाली त्याला इथे. सहा वर्षं आपल्या क्वार्टरबॅकच्या पुढे भिंतीसारखा उभा आहे.”

“उभा होता!” गस म्हणाला. “गेले तीन रविवार उभा कुठे आहे? दार उघडून बाजूला होतो तो. ‘या पाहुणे, क्वार्टरबॅक आत बसलाय, आडवा करून जा.’”

रांग खिदळली. बर्निस कूल सगळ्यांत मोठ्याने हसली. ही बाई शाळेची बस चालवते, त्यामुळे तिच्या आवाजाला आणि तोंडाला दोन्हींना लगाम नाही. “वॉल्ट, खरं सांग,” ती म्हणाली, “तुझा जावई नसता तर तूच त्याची धिंड काढली असतीस. त्या आधीच्या गार्डला तू काय काय म्हणालास ते मी पोरांसमोर बोलू शकत नाही.”

“तो आळशी होता.”

“आणि हा? हा काय उपास करून थकलाय?”

वॉल्टने सँडविच खाली ठेवलं. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते द्यायचं नाही असं त्याने कबूल केलं होतं. पाच आठवड्यांपासून नेटच्या डाव्या गुडघ्यातला स्नायुबंध अर्धवट फाटलेला होता. वॉल्टची मुलगी टेस गुडघे-खांद्यांचे व्यायाम करून घेण्याचंच काम करते. दर शनिवारी ती स्वयंपाकघरात नवऱ्याचा पाय खुर्चीवर घेऊन तो गुडघा पट्ट्यांनी बांधायची. संघाच्या डॉक्टरला तिने थोडंच सांगितलं होतं, बाकी गिळलं होतं. कारण नेटचा करार या हिवाळ्यात संपत होता, आणि दुखऱ्या गार्डला नवा करार कोण देतो? “नुसतं बघणाऱ्याला कळत नाही,” ती म्हणाली होती. “कोणी मुद्दाम शोधलं तरच कळेल. डॅड, पार्किंगात तोंड उघडायचं नाही. शपथ घे.” वॉल्टने घेतली होती.

आणि गुरुवारी तिने दुसरी गोष्ट सांगितली. अ‍ॅरिझोनाचा संघ नेटला मागतोय. ट्रेड झाला तर लगेच तीन वर्षांचा करार. ती बोलत होती तेव्हा तिचे डोळे चमकत होते. वॉल्टने विचारलं, अ‍ॅरिझोना किती लांब आहे गं? ती म्हणाली, विमानाने यायचं, अवघड काय त्यात. चार वर्षांची जून मांडीवर बसून त्याच्या शर्टाची बटणं काढत होती. रोझली गेल्यापासून आठवड्यातले चार दिवस ती पोर त्याच्याकडे असायची. उरलेले तीन दिवस वॉल्ट कसे काढायचा ते त्याचं त्यालाच ठाऊक. त्या दिवशी तो “छान, छान” म्हणाला आणि घरी येऊन जेवला नाही.

“अ‍ॅरिझोनावाले गार्ड शोधतायत म्हणे,” गस आता व्हॅनच्या दाराला टेकून सांगत होता. “त्यांच्याकडे तो टिलमन आहे. धावत येऊन समोरच्यांच्या क्वार्टरबॅकला आडवं करणारा असा राक्षस आपल्याकडे एकही नाही. क्वार्ल्स द्या, टिलमन घ्या. कोणाला हरकत?”

गसला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने कुठल्या तरी वर्तमानपत्रात वाचलं होतं आणि नेम नसताना नेमका दगड मारला होता.

“मला आहे हरकत,” वॉल्ट उठून म्हणाला. “टिलमन एकतिसाव्या वर्षात आहे. मागच्या वर्षी निम्मा हंगाम बाकावर बसून होता. राक्षस म्हणे! अरे, तुला मासळी बाजारात पाठवलं तर तू कालचा मासा आणशील आणि वर म्हणशील, डोळे किती सुंदर आहेत!”

“कालचा असला तरी मासा आहे. तुझा जावई म्हणजे नुसतं पाणी.”

“तोंड सांभाळ, गस.”

“का सांभाळू? मी तिकिटं घेतो. बावीस वर्षं घेतोय.”

“तिकिटं घेतोस! सामन्याच्या दुसऱ्या भागात झोपलेला असतोस तू. मी तुला उठवतो.”

आता दोन्हीकडच्या गाड्यांमधली माणसंही जमली. कोणी टिलमनच्या बाजूने, कोणी त्याच्यापेक्षा एखादा तरणा चेंडू पकडणारा आणावा म्हणून. एक म्हातारा तर क्वार्टरबॅकलाच विका म्हणत होता, त्याला सगळ्यांनी मिळून गप्प बसवलं. बर्निसने शेगडीवरच्या पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, उलटता उलटता जाहीर केलं की या रांगेतल्या पुरुषांना विकून एक बरा गार्ड आला तरी शहर फायद्यात राहील. पण आज कोणी फार हसलं नाही. स्टोकर्स लागोपाठ चार सामने हरले होते. चार सामने हरलेलं एरी म्हणजे काय असतं ते एरीत राहिल्याशिवाय कळत नाही. न्हावीसुद्धा तेव्हा कात्री जरा जोरात चालवतो.

अकरा वाजता रेडिओवाला डीन सपोरिटो माईक घेऊन आला. मागे त्याचं यंत्र पाठीवर बांधलेला माणूस. “थेट प्रसारणात आहोत बरं का,” त्याने बोट वर करून सांगितलं. “सातवी रांग, काय ठरलं यंदा?”

“ठरलं!” गस ओरडला. “नेट क्वार्ल्सला अ‍ॅरिझोनाला पाठवा!”

“ठरलेलं नाही!” वॉल्ट ओरडला. “हात वर झालेले नाहीत अजून!”

“होतील की. डीन, हा त्याचा सासरा. याचं ऐकू नकोस. याला संघाचं काय पडलंय? याला आपली लेक जवळ हवी.”

हे अगदी वर्मी लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. वॉल्ट दोन पावलं पुढे आला. “मी संघाचं बोलतोय,” तो म्हणाला. “तो आपला माणूस आहे. एरीचा माणूस.”

“एरीचा माणूस?” गसने डोक्यावरची टोपी काढून शेगडीशेजारी आपटली. “कामचुकार आहे तो! करार संपत आला, अंगाला ओरखडा नको म्हणून बाजूला होतो. भित्रा आणि कामचुकार! रोझली असती ना, तर तिला लाज वाटली असती असल्या माणसाला मुलगी दिल्याची!”

ज्या कारखान्यात वॉल्टने जन्म घालवला तिथे एका माणसाने तुटलेलं बोट कापडात गुंडाळून पाळी पुरी केली होती, आणि तीस वर्षांनीही त्याचं नाव टोपी काढून घेतलं जाई. तिथे कोणालाही काहीही म्हणा, फक्त कामचुकार म्हणू नका. त्यात रोझलीचं नाव. डीनचा माईक वॉल्टच्या हनुवटीखाली आला होता.

“कामचुकार?” त्याचा आवाज फाटला. “पाच आठवडे फाटलेल्या गुडघ्यावर खेळतोय तो! पाच आठवडे! आतला स्नायुबंध अर्धा तुटलाय. शनिवारी माझी पोर तो गुडघा बांधते तेव्हा तो टॉवेल चावतो, मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी! आणि रविवारी येऊन तुमच्यासाठी उभा राहतो. तुमच्यासाठी, गाढवांनो! तुझ्यासारख्या पाववाल्यासाठी, गस!”

शेगडीवर चरबी चरचरत होती.

मग बर्निसने चिमटा खाली ठेवला. “फाटलेल्या गुडघ्यावर?” ती हळू म्हणाली.

“पाच आठवडे.”

गसने बाहीने नेटचं नाव पुसलं आणि ‘ठेवा’ खाली, वर, मोठ्या अक्षरांत लिहिलं. हात मोजायची गरजच पडली नाही. कोणीतरी “क्वार्ल्स! क्वार्ल्स!” सुरू केलं, ते आठव्या रांगेने उचललं, मग सगळ्या पार्किंगाने. गसने वॉल्टला मिठी मारली. त्याच्या तोंडाला बिअरचा वास येत होता आणि डोळ्यांत पाणी होतं. “आधी नाही का सांगायचंस, मूर्खा,” तो म्हणाला. “मी काय काय बोललो त्याला!” जन्मात कधी वॉल्टने इतकं मोठं भांडण जिंकलं नव्हतं.

हे असं आहे आमचं शहर. जखम दाखवा, ते तुम्हाला डोक्यावर घेईल. पण रेडिओ फक्त एरीत लागतो असं थोडंच आहे?

साडेअकराला टेसचा फोन आला. ती ओरडली नाही. “डॅड, तू आत्ता काय बोललास?”

“तू ऐकलंस ना, लोक कसे त्याच्या नावाने…”

“शपथ घेतली होतीस.”

“टेस, तो गस त्याला कामचुकार म्हणाला. तुझ्या आईचं नाव काढलं त्याने.”

“नेट आत कपडे बदलतोय. त्याला अजून माहीत नाही,” ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

नेट त्या दिवशी मैदानावर आलाच नाही. संघाच्या डॉक्टरने त्याला आतच टेबलावर झोपवलं आणि आता गुडघा मुद्दाम शोधून तपासला. सातवी रांग मात्र आत प्रेक्षकांत बसून सामनाभर त्याच्या नावाने घसा फोडत होती. स्टोकर्स पाचवा सामनाही हरले.

सोमवारी वॉल्टने टेसला सहा वेळा फोन लावला. तिने उचलला नाही. मंगळवारी तो रेडिओला कान लावून बसला. अ‍ॅरिझोनाने दुपारी दोनला दुसऱ्याच संघाकडून दुसराच गार्ड घेतला. चार वाजून दोन मिनिटांनी गसचा फोन. “राहिला रे, राहिला! आपल्याकडेच राहिला! वाचवलंस तू त्याला!” वॉल्टने उत्तर न देता फोन बंद केला आणि गाडी काढली.

दार टेसने उघडलं. ती बाजूला झाली, पण ये म्हणाली नाही. नेट कोचावर पाय लांब करून बसला होता. गुडघ्याला आता पट्टी नव्हती, मोठा पट्टा होता, पोटरीपासून मांडीपर्यंत. जून जमिनीवर चित्र रंगवत होती.

“बसा, वॉल्ट,” नेट म्हणाला. तो रागावला असता तर वॉल्टला बरं वाटलं असतं.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“शुक्रवारी ऑपरेशन. नऊ महिने खेळ बंद. संघाने कळवलंय, करार वाढवणार नाहीत.” तो खिडकीकडे बघत म्हणाला. “ऑपरेशन आज ना उद्या झालंच असतं म्हणा. पण तीन वर्षांचा करार हातात आल्यावर झालं असतं.”

“लोक तुझ्या नावाने ओरडत होते, पोरा. अख्खं पार्किंग…”

“ऐकलं मी. डॉक्टरच्या खोलीत ऐकू येत होतं.”

टेस अजून दारातच होती. “अ‍ॅरिझोना नाही आता,” ती म्हणाली. “कुठेच नाही. आम्ही इथेच आहोत, डॅड. तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर.”

“टेस, माझा तोल गेला. गस असा बोलला की…”

“गसचं नको सांगूस. गस तीस वर्षं तसाच बोलतोय.” ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “माईक दिसला होता ना तुला?”

वॉल्टला नाही म्हणता आलं असतं. वाटेत, गाडीत, त्याने नाही म्हणायचा सरावही केला होता.

“दिसला होता.”

“आणि आम्ही जाणार, हे तेव्हा मनात होतं?”

जूनने चित्र उचलून आजोबाला दाखवलं. त्याने ते पाहिलं नाही. तो टेसकडे बघत होता, आणि तिला सगळं आधीच कळलेलं होतं.

“होतं,” तो म्हणाला.

टेसने मान हलवली. दार अजून उघडंच होतं.

“जून,” ती म्हणाली, “आजोबा निघालेत. त्यांना बाय कर.”