गाठ विरघळवणारा चमचा

अध्यक्षसाहेब, क्लबच्या शोकसभेत तुम्ही म्हणालात, शेफालीला कॅन्सरनं नेलं. खोटं बोललात. तिचा कॅन्सर बरा होणारा होता. मला तोच झाला होता आणि मी जिवंत आहे.

खराडीच्या मैदानावरची ती संध्याकाळ आठवा. कबड्डीचा अंतिम सामना, पण गर्दी आली होती अंगारेवाल्या महाराजांना बघायला. आयटीतली पोरं मोबाईल उंच धरून, गावठाणातल्या बाया पदर सावरून पुढं. महाराजांनी माझा हात धरून वर केला आणि माईकवर गर्जले, "ही सुरुची! मरणाच्या दारातून ओढून आणली! डॉक्टर फक्त गाठ बघतो, आम्ही गाठीची फ्रिक्वेन्सी बघतो!"

मी त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"अहो, मी केमो घेतली होती," मी म्हणाले.

तुम्ही माईक झाकलात. "सुरुचीताई, आज वाद नको. स्पर्धेचा खर्च महाराजांच्या ट्रस्टनं उचललाय."

मग महाराजांनी शेफालीला वर बोलावलं. आमच्याच क्लबची पोर, चढाईत वाऱ्यासारखी. गळ्याला गाठ आली, केमो सुरू झाली, केस गेले, आणि मग तिच्या वडिलांनी केमो सोडून महाराजांचा अंगारा धरला.

"दाखव बाळ, गाठ कुठंय?"

गाठ नव्हती. खरंच नव्हती. मैदान टाळ्यांनी फुटलं. तिचे वडील गेनबाकाका, खराडीचे जुने शेतकरी, रडत होते. "केमोनं काडी झाली व्हती वो. आता बघा, कशी भरलीय! भाकरी पुरत न्हाई तिला."

गाल टम्म फुगले होते. बायका म्हणाल्या, तेज आलंय. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

सामन्याआधी आमच्या संघाला रांगेत उभं केलंत. मधात कालवलेला तोच अंगारा, एकेक चमचा. डोपिंगच्या धाकानं आम्ही खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय घेत नाही. पण प्रसादाला औषध कोण म्हणतं? कोच म्हणाले, "प्रसादाला नाही म्हणायचं नसतं गं." आम्ही चाटला.

त्या दिवशी मी पुन्हा खेळले. केमोनंतर कर्वेनगरच्या आमच्या जिन्यातसुद्धा दम तुटायचा. त्या दिवशी तोच दम शेवटच्या चढाईला पुरला, मध्यरेषा शिवून आले तरी तोंडात 'कबड्डी' चालूच होतं. आई कठड्याला धरून रडली. मग डोपिंग चाचणीसाठी आमचे नमुने घेतले. काही महिन्यांनी अहवाल हाती आला, माझ्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं होतं.

मी धावले नाजिमा डॉक्टरांकडे, ज्यांनी मला बरं केलं.

"त्या दिवशी काय खाल्लंस?"

"घरचाच डबा. आणि प्रसाद."

त्यांनी माझा अहवाल पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "त्या प्रसादाची पुडी आण."

गेनबाकाकांकडची पुडी प्रयोगशाळेत गेली. निघालं काय? राख, पिठीसाखर आणि कुटलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या. हाच चमत्कार!

"या गोळ्यांनी तुम्हा दोघींना झाला त्या कॅन्सरची गाठ काही दिवस बसते," डॉक्टर म्हणाल्या. "भूक खवळते, हुरूप येतो. तोंड सुजतं. सूज असते ती, बाळसं नव्हे. आम्हीसुद्धा हे औषध देतो, पण बाकीच्या औषधांबरोबर. एकट्यानं कॅन्सर मरत नाही, दबतो. नंतर उठतो तेव्हा आवरत नाही."

"म्हणजे महाराजांनी तुमचंच औषध पळवलं?"

"हो. कॉपी केली, तीही अर्धी. नापास मात्र पेशंट."

आम्ही दोघी खराडीला गेलो. गेनबाकाकांना सगळं सांगितलं. ते डॉक्टरांना म्हणाले,

"गोळ्या असत्याल तर असू द्या की. गुण आला ना? तुमची केमो बी औषधच हाय."

तेवढ्यात मागं बसलेल्या शेफालीनं गळ्याचा स्कार्फ सोडला. गाठ परत आली होती. दुसऱ्या बाजूलाही एक.

"ताई, महाराजांनी आता चमचा वाढवलाय," ती म्हणाली. एवढं बोलायलाही ती मध्ये थांबली. चढाई करणारी पोर.

गेनबाकाकांनी तिच्या केमोचे कागद काढून डॉक्टरांपुढं ठेवले. डॉक्टरांनी त्याच दिवशी तिला दवाखान्यात नेलं. आजार फुप्फुसात पोचला होता. कोणतंच औषध लागू पडलं नाही.

महाराजांचा दरबार आता हिंजवडीत भरतो. रांग पूर्वीपेक्षा लांब आहे. लोक म्हणतात, पोरीची श्रद्धा कमी पडली. मी एवढंच सांगते, देवाला हात खुशाल जोडा. पण जिभेवर ठेवाल ते पोटात जातं, आणि पोटाला श्रद्धा कळत नाही. "यात काय आहे?" असं विचारल्यानं देव कोपत नाही, अंगारा विकणारा कोपतो. विचारा. चालू उपचार कुणाच्याही शब्दावर सोडू नका. हे ऐकेल कोण, ते मला माहीत नाही. माझ्यावर खेळबंदी आहे. कॅन्सरला जे जमलं नाही, ते एका चमच्यानं केलं.

आणि साहेब, आमची पत्रं तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावर येतात. माझा अहवाल तिथं दिवाळीआधी आला. माझ्या हाती पडला संक्रांतीनंतर. आमच्या संघातल्या ज्यांचे नमुने घेतले, त्या सगळ्यांत एकच औषध निघालं होतं. मधल्या काळात तुमची आणखी एक स्पर्धा झाली. महाराज आले, प्रेक्षकांना अंगारा वाटला. खेळाडूंना मात्र तुम्ही तो घेऊ दिला नाहीत. म्हणजे चमच्यात काय आहे ते तुम्हाला कळलं होतं. त्याच दिवसांत शेफाली तो रोज चाटत होती.

गेनबाकाकांना एक फोन का केला नाहीत? उत्तर द्या.