स्वेटरखालचा हिरवा कोट

धाकट्या जावेला कपड्यांच्या दुकानात चिकटवलं ते मोठीनेच. मॅनेजरच्या मागे लागून, "माझी जबाबदारी" असं म्हणून. आता तिला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं.

धाकटी गोड बोलायची, आणि खोटं तर मुळीच बोलायची नाही, हाच सगळा वैताग. "हा रंग तुम्हाला नाही खुलत, काकू," असं तोंडावर सांगायची आणि काकू तिच्याकडूनच दुसरे दोन घेऊन जायच्या. मोठीने वर्षानुवर्षं उभं राहून पाय सुजवून घेतले, घड्या घालून बोटं झिजवली. आणि गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "त्या हसऱ्या ताई कुठायत?" म्हणजे मोठी काय कपडे अडकवायचा खांब? तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यात आज सकाळी मॅनेजरने फर्मान काढलं. दाराजवळच्या काउंटरवर उद्यापासून एकच बाई. आज जिची विक्री जास्त, ती तिथे. दुसरी मागे ट्रायल रूमपाशी, लोकांनी घालून टाकलेले कपडे सुलटे करत दिवसभर उभी. मागे गेलेली बाई परत पुढे आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

दुपारपर्यंत दोघी बरोबरीत होत्या. मग एक बाई आली आणि धाकटीला म्हणाली, "काचेतला तो हिरवा कोट मिडियममध्ये दाखवा."

मोठीने कान टवकारले. शेवटचा मिडियम तिने सकाळीच लहान मुलांच्या स्वेटरखाली दडपला होता, आपल्या गिऱ्हाइकासाठी. चांगला माल असा दडवायचा, ही युक्ती धाकटीला शिकवली होती तीही तिनेच, जागेसकट. काय अक्कल पाजळली होती!

धाकटीने रॅक धुंडाळला. मग स्वेटरकडे वळली. मोठीचा जीव टांगणीला लागला. धाकटीने चळत उचलली, जरा थांबली, बाहेर डोकावणारी हिरवी बाही आत सारली आणि चळत होती तशी ठेवून दिली.

"मिडियम संपला, मॅडम," ती म्हणाली.

संध्याकाळी मोठीने तोच कोट दुसऱ्या एकीला विकला आणि तेवढ्यावरच जिंकली. मॅनेजरने शाबासकी दिली. धाकटी निमूटपणे आपला डबा उचलून मागच्या कपाटात ठेवून आली.

घरी जाताना मोठीला राहवेना. "कोट दिसला होता ना तुला?"

"दिसला की."

"मग?"

"तुमचे पाय सुजतात, जाऊबाई. पुढे निदान काउंटरला टेकता तरी येतं."

मोठीच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आलं नाही. आजवर तिला धाकटीच्या हसण्याचा, गोड बोलण्याचा हेवा वाटत होता, तेवढा तरी सोसवत होता. आता मेली चांगुलपणातही वरचढ निघाली!

"चल लवकर," ती खेकसली, आणि सुजलेले पाय ओढत धाकटीच्या दोन पावलं पुढे चालू लागली.